नऊ टॅक्सी एकाच सकाळी बंद राहिल्याबाबत

दिनांक १५ मे २०१७, सोमवार. पोलीस ठाणे, मातान्सास.

नाव : एनेइदा पोर्ताल रुइसेको. वय : ६८ वर्षे. धंदा : निवृत्त फार्मासिस्ट, सरकारी औषधालय. राहणार : सांता इसाबेल रस्ता, पुएब्लो नुएवो, मातान्सास. पती : आर्सेनिओ लेयवा, मयत.

आज सकाळी घरातले आवरून मी निघाले. नदीवरचा पूल चालत ओलांडून ठाण्यात आले. मला कोणी बोलावलेले नव्हते. फौजदार कोबास यांनी बसायला खुर्ची दिली व काय सांगायचे ते स्वतःच्या हाताने लिहून द्या म्हणाले. त्याप्रमाणे मी समक्ष, राजीखुशीने लिहून देते की :

शनिवारी, १३ तारखेस, पुएब्लो नुएवो ते पेन्यास आल्तास या मार्गावरच्या नऊ शेअर टॅक्सी सकाळपासून बंद होत्या. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. लोक केक घेऊन रस्त्यावर उभे राहिले व त्यांची गैरसोय झाली, हे खरे आहे. त्या नऊ चालकांचे परवाने वाहतूक निरीक्षकांनी काढून घेतले आहेत. भाड्याचा नवा नियम त्याच आठवड्यात आल्याने त्यांनी संगनमताने काम बंद ठेवले, असा त्यांच्यावर संशय आहे. परवाने रद्द झाले तर नऊ घरे बसतील. गाड्या बंद का होत्या याचे कारण मला ठाऊक आहे. ते कारण माझ्या शेडमध्ये होते.

माझ्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तीत १९५२ सालची शेव्हरोले गाडी आहे. टप दुमडता येतो. रंग पिस्त्यासारखा. ती माझ्या वडिलांनी, कापडवाल्या पोर्ताल यांनी, नवी घेतली होती व त्यांच्यामागे माझ्या नावावर झाली. कागद सोबत आणला आहे, फौजदारांनी पाहिला.

माझे पती दोरखंडाच्या कारखान्यात टर्नर होते. निवृत्तीनंतर ते शेडमध्ये दुरुस्तीची कामे करीत. या जुन्या अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग विकत मिळत नाहीत. एक तर ते कुणाच्या परसातून शोधून आणावे लागतात, नाहीतर लेथवर घडवावे लागतात. माझे पती दोन्ही करीत. ट्रॅक्टरच्या पिस्टनच्या रिंगा कापून त्यांनी शेव्हरोलेत बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. माझा दुधाचा अॅल्युमिनियमचा टोप त्यांनी वितळवला होता. त्याचे काय झाले ते मला कळले नाही, पण त्या आठवड्यात रस्त्यावरची एक गाडी पुन्हा चालू लागली.

आमची स्वतःची गाडी मात्र बरीच वर्षे सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बॉनेट उघडलेले दिसे व त्यांची पाठ दिसे. गाडी दुरुस्त होत आहे असे मी समजत होते. मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

माझे पती फेब्रुवारीत वारले. त्यानंतर शेड मी उघडली नव्हती. किल्ली हरवलेली नव्हती.

माझी मुलगी इदालमिस हिची मुलगी लिएनिस शनिवारी पंधरा वर्षांची झाली. आजोबांनी तिला लहानपणी सांगितले होते की पंधराव्याला तू आपल्याच गाडीतून गावभर फिरशील. पंधराव्या वाढदिवसाला मुलीला झग्यात सजवून उघड्या गाडीतून मिरवतात, म्हणून इदालमिसने दुसरी उघडी गाडी ठरवू म्हटले, तेव्हा लिएनिस नको म्हणाली. "मी आजोबांच्याच गाडीत बसणार. उभी तर उभी. फोटोत कुठं कळतंय चालत नाही म्हणून?" असे तिचे शब्द होते. म्हणून शेडमध्येच फोटो काढायचे ठरले.

गाडी पुसून घ्यावी म्हणून गुरुवारी सकाळी मी निवाल्दोला बोलावले. निवाल्दो गाड्यांचे पत्रे ठोकतो व सीट शिवतो. तो माझ्या पतींचा शाळेपासूनचा मित्र. कुलूप त्याने उघडले, मी मागे उभी होते. त्याने गाडीवरची चादर काढली व बॉनेट उघडले.

"वहिनी," तो म्हणाला, "ही गाडी नाही. हे कपाट आहे."

मी पाहिले. आत इंजिनाचे धूड होते व त्याच्या भोवती ठिकठिकाणी रिकामी भोके होती. प्रत्येक भोकात त्यांनी स्वच्छ चिंधी कोंबून ठेवली होती, धूळ जाऊ नये म्हणून. चिंध्या माझ्या जुन्या पांढऱ्या कोटाच्या होत्या. आत चालकापुढे स्टिअरिंगही नव्हते.

"चोरी झाली का?" मी विचारले.

"चोर चिंध्या लावून जात नाही," निवाल्दो म्हणाला.

तो पुढे म्हणाला की फोटोत बॉनेट बंदच राहील, स्टिअरिंगच्या जागी पोरीच्या झग्याचा घोळ आडवा टाकू. दुपारी तो टॅक्सीतळावर कॉफी प्यायला गेला व तिथे बोलला की आर्सेनिओची नात पंधराव्याला उभ्या गाडीत बसणार आहे. एवढेच बोलला. कोणाकडे काही मागितले नाही, हे मी मुद्दाम नमूद करते.

त्याच संध्याकाळी एलिओदोरो आला. एलिओदोरो हा त्या मार्गावरचा सर्वांत जुना टॅक्सीचालक. देहाने मोठा व आवाजानेही मोठा आहे. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेले काही होते व ते तो तान्ह्या मुलासारखे धरून उभा होता.

"वहिनी, हा तुमचा कार्बोरेटर. आर्सेनिओनं दिला होता मला. मला दुसरा मिळाला, म्हणून परत आणलाय."

मी त्याला आत बोलावले. तो आला नाही. टॉवेलही परत नको म्हणाला.

शुक्रवारी दिवसभर असेच होत राहिले. एकेक जण परसदारी येई, काहीतरी हातात देई, मला दुसरे मिळाले असे म्हणे व घाईने जाई. ओस्मेल नावाचा चालक वॉटर पंप घेऊन आला. एकाने डायनामो आणला. सगळ्यांची नावे व कोणी काय आणले ते त्यांच्या जबाबांत येईलच. या वस्तू विकत घेतलेल्या किंवा चोरलेल्या नाहीत. त्या माझ्या गाडीच्या आहेत व माझ्या पतींनी त्या त्या चालकाला वापरायला दिल्या होत्या. पैसे घेतले नव्हते.

निवाल्दो शेडमध्ये एकेक वस्तू बसवत गेला. एका क्षणी तो पाना हातात धरून बाहेर आला.

"वहिनी, सगळ्यांना एकाच आठवड्यात दुसरं मिळालं? बंदरात बोट लागली की काय? मग मला कसं कुणी सांगितलं नाही?"

मी औषधालयात एकतीस वर्षे काम केले. जे औषध महिनोन्महिने येत नाही ते एकाच दिवशी सगळ्यांच्या घरी कसे निघेल, हा विचार माझ्याही मनात आला होता. पण गाडीत एकेक भोक बुजत होते. आम्ही दोघांनी जास्त विचार केला नाही.

फौजदारांनी विचारले की चालकांना एकमेकांच्या गाड्या बंद झाल्याचे कळले कसे नाही. त्याचे उत्तर असे की, ज्याची गाडी बंद झाली तो घरी बसला, व जो घरी बसला त्याला रस्त्यावर कोण नाही ते दिसले नाही. रिदेल नावाचा तरुण चालक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडी चालवत होता. त्या दिवशी त्याला इतके प्रवासी मिळाले की आपले नशीब उघडले असे त्याला वाटले व त्याने बायकोसाठी सँडल घेतल्या.

शनिवारी सकाळी रिदेल शेवटचा आला. चालत आला. त्याच्या खांद्याला आमच्या गाडीचे स्टिअरिंग अडकवलेले होते. सबंध रस्ताभर लोक त्याला ओरडून विचारत होते, "अरे, बाकीची गाडी कुठं सांडलीस?" हे मी घरातून ऐकले.

निवाल्दोने स्टिअरिंग बसवले. पेट्रोल बाटलीतून घातले. मी तेव्हा स्वयंपाकघरात पार्टीचा काळा घेवडा शिजवत होते. पहिल्यांदा इंजिन नुसते खोकले. दुसऱ्यांदा शेजारच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. तिसऱ्यांदा ते लागले.

तो आवाज मला ओळखीचा होता. मी गॅस बंद केला.

मी शेडमध्ये गेले तेव्हा निवाल्दो चालकाच्या जागी बसून रडत होता व हसतही होता. लिएनिस केसांना रोलर लावलेल्या अवस्थेत गाडीभोवती उड्या मारत होती. तिची आई "रोलर! अगं रोलर!" करीत तिच्या मागे होती. आणि परसदारातून एकामागून एक चालक आत येत होते. कोणी बोलावले नव्हते. आपली वस्तू बसली की नाही ते बघायला प्रत्येक जण आला होता.

त्यावेळी झालेले बोलणे आठवते तसे लिहिते, कारण या प्रकरणात तेच महत्त्वाचे आहे.

एलिओदोरो ओस्मेलला म्हणाला, "तू इथं कसा? तुझी फेरी नाही का आज?"

"माझी गाडी जरा... बंद आहे. तुझी कुठाय?"

"माझीही जरा बंद आहे."

"काय झालं?"

"काही नाही. कार्बोरेटर."

"तुला तर दुसरा मिळाला ना?" हे निवाल्दोने गाडीतूनच विचारले.

एलिओदोरो गप्प बसला. तो गप्प बसलेला मी प्रथमच पाहिला. मग निवाल्दो खाली उतरला व एकेकाला विचारत गेला, दुसरा मिळाला का, दुसरा मिळाला का. कोणालाच काही मिळालेले नव्हते. नऊच्या नऊ जण खोटे बोलले होते.

"अरे गाढवांनो," निवाल्दो म्हणाला, "मग आज रस्त्यावर आहे कोण?"

"मला वाटलं मी एकटाच," ओस्मेल म्हणाला. "म्हटलं, बाकी आठ आहेत की. एक दिवस माझ्यावाचून काय अडतंय?"

"एकटाच कसा? मी एकटा होतो!" एलिओदोरो ओरडला. "मला आर्सेनिओ म्हणाला होता, कार्बोरेटर घेऊन जा, पण कोणाला सांगू नकोस, नाहीतर उद्या दारात रांग लागेल."

"मलाही हेच म्हणाला!" रिदेल म्हणाला.

"मलाही!"

मग सगळेच तसे म्हणाले. प्रत्येकाची समजूत अशी होती की आर्सेनिओची गाडी आपल्या एकट्यामुळे उभी आहे. आमच्या दारावरून जाताना त्यांच्यातले काही जण मान खाली घालत, ते मी पाहिले होते. मला वाटे उन्हामुळे.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच वाईट वाटून घेतलं?" एलिओदोरो म्हणाला. "नवव्या हिश्शाचंच घ्यायला हवं होतं. म्हाताऱ्यानं फसवलं रे आपल्याला!"

त्यानंतर ते सगळे हसू लागले. निवाल्दो मडगार्डला धरून खाली बसला. हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारीपाजारी भिंतीवरून डोकावू लागले. मीही हसले. फेब्रुवारीपासून त्या परसात कोणी मोठ्याने बोलले नव्हते.

यात एक अडचण निघाली. निवाल्दोने गाडी ठोकळ्यांवरून उतरवून दोन हात पुढे घेतली तर ब्रेकचे पायडल फळीपर्यंत खाली गेले. ब्रेक ऑइल वाळून गेले होते. सुटीच्या आदल्या दिवशी ते मिळणार नव्हते. काही जण शाम्पू घालून चालवतात. मी त्यांना थांबायला सांगितले. माझ्याकडे एरंडेल होते व शुद्ध अल्कोहोल होते. ते मी मोजून मिसळले, गाळले व निवाल्दोला दिले. पूर्वी ब्रेकचे तेल असेच करीत. माझे पती ते माझ्याकडून करून घेत. बाटली त्यांच्यासाठीच ठेवलेली होती.

एलिओदोरो वास घेऊन म्हणाला, "वहिनी, यानं ब्रेक लागेल की गाडीला जुलाब होतील?"

"तुम्ही थोडं प्या, म्हणजे कळेल," मी म्हणाले.

ब्रेक लागला. फौजदारांनी प्रमाण विचारले, ते मी त्यांना वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे, त्यांच्या मेहुण्याच्या गाडीसाठी.

आता प्रवासी नेल्याबाबत. गाडी रस्त्यावर निघाली तेव्हा निवाल्दो चालवत होता. त्याचे लायसन्स चालू आहे. लिएनिस आकाशी झग्यात मागे दुमडलेल्या टपावर बसली होती. मी पुढे बसले. मला पुढे बसायचे नव्हते, पण इदालमिसने दार उघडून धरले. कोपऱ्यावरच्या थांब्यापाशी आलो तर तिथे पन्नाससाठ माणसे होती. बहुतेकांच्या हातात पुठ्ठ्यावर ठेवलेले उघडे केक होते. ऊन चढत होते व क्रीम वितळत होती. एक म्हातारी बाई केकवर टोपी धरून उभी होती, स्वतःच्या डोक्यावर नव्हती.

"आज एक पण टॅक्सी नाही हो!" ती आम्हाला म्हणाली. "काय झालंय सगळ्यांना? मेले की काय?"

आमच्या मागून चालत येणारे नऊ जण झाडाच्या आड झाले.

लिएनिस वरून म्हणाली, "निवाल्दो काका, थांबवा. आजोबांची गाडी आहे ना? मग रिकामी कशी जाईल?"

तिची आई म्हणाली, "अगं, तुझा झगा!"

"झगा वर घेते. या मावशी, बसा. केक माझ्या मांडीवर द्या."

अशा रीतीने प्रवासी घेण्यास सुरुवात झाली. हा निर्णय माझ्या नातीचा असला तरी गाडी माझी आहे व मी हरकत घेतली नाही, म्हणून त्याची जबाबदारी माझी समजावी. भाडे घेतले नाही. केकचा तुकडा तीनदा दिला गेला, तो घेतला.

पेन्यास आल्तासला जाऊन गाडी परत आली. मग पुन्हा गेली. दर खेपेला माणसे वेगळी, केक वेगळे, मागे टपावर मुलगी तीच. नऊ चालक तोवर झाडामागून बाहेर आले होते व थांब्यांवर उभे राहून लोकांना रांगेत लावत होते, म्हाताऱ्यांना आधी चढवत होते, केक हातोहात गाडीत देत होते. एलिओदोरो "चला, पंधरावी स्पेशल! झग्यावर पाय देऊ नका!" असे ओरडत होता. लोकांनी लिएनिससाठी टाळ्या वाजवून गाणे म्हटले. आम्ही खाडीच्या कडेने जाताना एक आजोबा आपला केक सांभाळत मला म्हणाले, "बाई, ही गाडी मी ओळखतो. कापडवाल्या पोर्तालची. मी लहान असताना हिच्यामागे पळायचो." मी म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी मला रुमाल दिला. तो धुऊन ठेवला आहे, त्यांचे नाव माहीत नाही.

इंजिन एकदाही बंद पडले नाही.

दुपारी लिबर्ताद चौकात वाहतूक निरीक्षकांनी गाडी थांबवली. गाडीत त्यावेळी मोजून अकरा माणसे होती, हे खरे आहे.

"ही टॅक्सी आहे की वरात?" त्यांनी विचारले.

"वरातच आहे, काका," लिएनिस म्हणाली. "चढा ना. जागा करतो."

ते चढले नाहीत. त्यांनी चौकातल्या थांब्याकडे पाहिले. तिथे चार टॅक्सीचालक, टॅक्सीशिवाय, केक हातात घेऊन हसत उभे होते. बाकीचे पुढच्या थांब्यावर होते. काम बंद पाडून हे लोक उत्सव करीत आहेत अशी निरीक्षकांची समजूत झाली. बाहेरून पाहणाऱ्याची तशी समजूत होणे स्वाभाविक आहे, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी सर्वांचे परवाने घेतले. चालकांनी खरे कारण सांगितले नाही. कोणाला सांगू नकोस असे आर्सेनिओ म्हणाला होता, म्हणून सांगितले नाही, असे मला एलिओदोरोने नंतर सांगितले. मी त्याला म्हटले की तुम्ही नऊच्या नऊ जण माझ्या परसात ते ओरडून एकमेकांना सांगून चुकला होतात. तो म्हणाला, "ते घरात. पोलिसांना कसं सांगायचं?"

माझे पती हयात असते तर ते स्वतः आले असते. ते नाहीत, म्हणून मी आले आहे.

रविवारी सकाळी मी नऊही जणांना घरी बोलावले व आपापली वस्तू काढून न्या असे सांगितले. ते तयार होईनात. ओस्मेल म्हणाला, "काकू, आता चालू झालीय, चालू राहू दे. आम्ही बघू आमचं." रिदेलने हात मागे बांधून घेतले. एलिओदोरो म्हणाला की मेलेल्या माणसाची वस्तू दोनदा घ्यायला तो निर्लज्ज नाही.

मी त्यांना गाडीचा कागद दाखवला. गाडी माझी आहे, आर्सेनिओची कधीच नव्हती, असे मी सांगितले. माझ्या पतींनी या वस्तू मला न विचारता दिल्या होत्या. आता मी विचारपूर्वक देत आहे.

"आणि लिएनिस?" निवाल्दोने विचारले.

लिएनिस पायरीवर अनवाणी बसून आदल्या दिवशीचा केक खात होती. ती म्हणाली, "मला तर पंधरावं एकदाच होतं ना? आता उद्या लोक कामावर कसे जाणार?"

मग ते कामाला लागले. इतके दिवस ज्याने त्याने एकट्याने गुपचूप नेलेल्या वस्तू त्यांनी एकमेकांना मदत करीत काढल्या. शेवटी निवाल्दोने प्रत्येक भोकात चिंधी कोंबली. पांढऱ्या कोटाच्या पुरेनात, म्हणून मी आणखी एक कोट आणून दिला. जेवायला सगळे थांबले. घेवडा शनिवारचाच होता, पण चांगला लागला. इदालमिसने मला मातृदिनाची म्हणून फुले दिली व चालकांपैकी पाच जणांनीही फुले दिली. बाकीच्या चौघांना ती मिळाली नव्हती. त्यांतल्या एकाने स्पार्क प्लग दिला, जुना पण कामाचा.

सध्याची स्थिती अशी की नऊही टॅक्सी चालू अवस्थेत आहेत व कोपऱ्यावर उभ्या आहेत. फक्त परवाने नसल्याने चालवता येत नाहीत. आज सकाळीही लोक थांब्यावर उभे होते. येताना मी त्यांच्यामधूनच आले.

संगनमताबद्दल विचारण्यात आले. त्याबाबत सांगते की नऊ जणांनी ठरवून काही केले असते तर निदान एकाने तरी गाडी चालू ठेवली असती. त्यांनी काही ठरवले नव्हते म्हणूनच असे झाले. सबब परवाने परत मिळावेत. ज्यादा प्रवासी नेल्याचा जो दंड असेल तो माझ्यावर लावावा.

फौजदारांनी आणखी काही सांगायचे आहे का असे विचारले. एवढेच की, काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी शेड बंद करायला गेले. मागच्या सीटवर क्रीम सांडून सुकली होती व टपाच्या घडीतही गेली होती. मी कोमट पाणी आणले व ओल्या फडक्याने सीट पुसून काढली. मग दार ओढून घेतले. कुलूप लावले नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. फौजदार कोबास यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. हसू आल्याने ते दोन ठिकाणी थांबले. मजकूर मी लिहिल्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. शेवटचा क्रीमचा भाग तपासाच्या कामाचा नाही, खोडू का, असे त्यांनी विचारले. राहू द्यावा, असे मी सांगितले. तो तसाच ठेवून खाली सही करते.

एनेइदा पोर्ताल रुइसेको